गव्हर्नरसाहेबांचा चातुर्मास

गेल्या अंकांत वाड्याच्या चौकाविषयीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून एका वाचकभगिनींनीं पत्रानें विचारलें आहे कीं, आपल्या पूर्वजांचीं घरें पडतात म्हणून तुम्ही हळहळलां तें योग्यच. परंतु इंग्रजांनीं आपल्या ऐषआरामासाठीं जीं मोठमोठीं घरें ह्या देशांत बांधलीं, तीं 'संरक्षित' ठरवून त्यांवर लोकांचा पैसा कां खर्चावा? प्रश्न रोखठोक आहे, आणि त्यामागें जो राग आहे तो मला परका नाहीं. 'होय' किंवा 'नाहीं' एवढ्यानें त्याचें समाधान होण्यासारखें नसल्यामुळें, अशा एका घराची सगळी हकीकतच आज सांगतों.

साहेबाचें घर म्हणजे काय हें आमच्या धरणगांवास मुळींच नवें नाहीं. इंग्रजांची वखार येथें १६७४ मध्यें पडली. दुसऱ्याच वर्षीं शिवछत्रपतींच्या फौजेनें हें गांव लुटलें, व १६७९ मध्यें पुनः लुटलें. गांव त्या वेळीं सधन होतें, एवढाच त्याचा अर्थ. पुढें १८२५ सालीं जेम्स औट्रम हा तरुण अंमलदार भिल्ल पलटण उभारण्यास येथें आला व दहा वर्षें खानदेशांत वावरला. त्या काळच्या साहेबाचें घर म्हणजे बंगला. हा शब्दच बंगालवरून आलेला. एक मजला, भोंवतीं पडवी, वर उंच उतरतें छप्पर. बंगाल्यांतील शेतकऱ्याची झोपडीच ती, मोठी करून साहेबानें राहावयास घेतलेली. उन्हापासून जीव वांचवावा एवढाच तिचा हेतु. ऐट नंतर आली, आणि ती कशी आली हें पाहावयाचें तर धरणगांव सोडून पुण्यास गेलें पाहिजे.

मला पुण्याचा रस्ता दाखविला तो एका लिफाफ्यानें. आमचे वडील बंधू अण्णा १९७४ सालीं जळगांवच्या मूळजी जेठा महाविद्यालयांतून बी. ए. झाले. वडिलांची भिक्षुकी आणि थोडीशी जमीन. दोघां मुलांस वरपर्यंत शिकविण्याची ऐपत नव्हती. थोरला शिकला, धाकटा मॅट्रिक होऊन शाळामास्तर झाला. ह्यांत तक्रार नाहीं. एकाच्या ताटांत वाढलेलें सगळ्या घराच्या अंगीं लागतें, असें आमची आई म्हणे. अण्णांचें पदवीपत्र टपालानें आलें. वडिलांनीं तें चौकटींत बसवून ओसरीवर देवांच्या तसबिरींखालीं लाविलें, आणि लिफाफाही जपून ठेविला. त्यावर छापलें होतें : 'गणेशखिंड, पुणें ७'. पुणें विद्यापीठ १९४९ सालीं स्थापन झालें तेव्हांपासून खानदेशचीं महाविद्यालयें त्यास जोडलेलीं होतीं. १९९० च्या ऑगस्टांत जळगांवास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालें, ज्यास आतां कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचें नांव आहे, आणि तेव्हां कोठें हें नातें सुटलें. म्हणजे चाळीस वर्षें आमच्याकडील पदवीधरांच्या पदव्या गणेशखिंडींतून येत होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळांनीं ती खिंड कधीं डोळ्यांनीं पाहिली नाहीं. अण्णांनींही नाहीं.

तेथें विद्यापीठाची जी मुख्य इमारत आहे, ती मुळांत विद्येसाठीं बांधलेली नाहीं. तें मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचें पावसाळ्यांतलें घर होय. गव्हर्नराचें वर्ष तीन ठिकाणीं वांटलेलें असे : हिंवाळा मुंबईस, उन्हाळा महाबळेश्वरीं, आणि जूनपासून पाऊस सरेपर्यंत पुण्यास. आमच्या शास्त्रांत यतीनें चातुर्मासांत एका जागीं राहावें असें सांगितलें आहे. साहेबही तो नियम पाळीत. फरक एवढाच कीं, यतीच्या चातुर्मासास मठाची ओसरी पुरते, साहेबाच्या चातुर्मासास पावणेदोन लक्ष पौंड लागले!

आधीं हा चातुर्मास दापोडीस होत असे. तेथलें घर कॅप्टन फोर्ड नांवाच्या अंमलदाराचें. फोर्डची पलटण पेशव्यांच्या पगारावर, व हुकूम मात्र इंग्रजांचा. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं गणेशखिंडीच्या टेकड्यांच्या बाजूनें मराठी फौज खडकीच्या माळावर उतरली, तेव्हां फोर्ड दापोडीहून आपली पलटण घेऊन निघाला आणि इंग्रजांस मिळाला. पेशव्यांकडील मोरोपंत दीक्षित हे फोर्डचे जिवलग मित्र. युद्ध जुंपलेंच तर जो वांचेल त्यानें दुसऱ्याच्या कुटुंबाचा सांभाळ करावा असा दोघांचा करार होता, असें इतिहासकार सांगतात. त्या दिवशीं दीक्षित फोर्डच्या पलटणीवर चाल करून गेले व तेथेंच पडले. पुढें सर जॉन माल्कम ह्या गव्हर्नरानें फोर्डचें घर सरकारसाठीं घेतलें. इंग्रजी अंमलाच्या ह्या पहिल्या घराच्या पायांतच ही गोष्ट आहे, आणि ती मला गणेशखिंडीच्या सगळ्या वैभवापेक्षां जास्त वेळां आठवते.

आतां नव्या घराकडे वळूं. तें ज्या जातीचें आहे तिला इंग्रजींत 'व्हिला' म्हणतात. शब्द लॅटिन. रोमन धनिकाचें नगराबाहेरील मळ्यांतलें घर तें व्हिला. आपल्याकडे अशी गृहें नव्हतीं असें समजूं नये. उद्यानगृह हा शब्द संस्कृतांत आहेच, आणि भासाच्या स्वप्नवासवदत्तांतील समुद्रगृह ज्यांनीं वाचलें असेल त्यांस ती कल्पना नवीन वाटणार नाहीं. रोमन राज्य बुडाल्यानंतर बऱ्याच शतकांनीं, म्हणजे सोळाव्या शतकांत, इटालींत पॅलेडिओ नांवाच्या स्थपतीनें ह्या गृहास नवें रूप दिलें. इंग्रज सरदारांचीं मुलें शिक्षण पुरें करण्यास इटालींत जात व परत येतांना ही आवड घेऊन येत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तर तिची साथच आली. चौकोनी उंच मनोरा, अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या, कमानदार ओवऱ्या, छपराचा उतार झांकणारा कठडा, आणि समोर पायऱ्यापायऱ्यांनीं उतरत जाणारें उद्यान : ह्या खुणा दिसल्या कीं, इटालियन वळणाचें व्हिला ओळखावें.

ह्यांत आणि आपल्या वाड्यांत मुख्य भेद कोणता, तर तोंड कोणत्या दिशेस हा. वाडा आंत पाहतो. रस्त्याकडे त्याची नुसती भिंत, फार तर दिंडी व दोन लहान झरोके. हवा, उजेड, तुळस, मुलांचा खेळ, सुनांचें निवडणें-टिपणें, सगळें मधल्या चौकांत. बाहेरच्यास आंतलें दिसूं नये व आंतल्यास बाहेरचें पाहण्याची गरज पडूं नये, अशी त्याची रचना. व्हिला ह्याच्या उलट. त्याला चौक नाहींच म्हणा ना. त्याच्या सगळ्या खिडक्या बाहेर उघडतात, कारण ज्याचें तें घर त्याला बाहेर दिसणारी जमीन आपली आहे हें दर सकाळीं पाहावयाचें असतें. दोन्हींत राहणारीं माणसें सुखी होऊं शकतात. पण पहिलें घर एकत्र कुटुंबाचें आहे व दुसरें मालकाचें आहे, असें मला वाटतें. मतभेद असल्यास वाचकांनीं कळवावें.

ह्या जातीचें सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी घर इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नांवाच्या बेटावर आहे. त्याचें नांव ऑस्बोर्न हाउस. व्हिक्टोरिया राणी व तिचा पति प्रिन्स आल्बर्ट ह्यांनीं ती जागा १८४५ मध्यें स्वतःच्या खासगी पैशानें घेतली, व जुनें घर पाडून १८५१ पर्यंत नवें पुरें केलें. नकाशा बहुतेक आल्बर्टच्या डोक्यांतला, काम लंडनच्या थॉमस क्युबिट ह्या प्रख्यात बांधकामदाराचें. समोरची खाडी पाहून आल्बर्टला नेपल्सच्या उपसागराची आठवण होई, म्हणून घरही इटालियन. दोन मनोरे, एक निशाणाचा व एक घड्याळाचा. मौज अशी कीं, हें राजघर विटांचें आहे; वर सिमेंटाचा गिलावा देऊन दगडाचा भास केला आहे. राणी २२ जानेवारी १९०१ रोजीं तेथेंच वारली, व पुढच्या वर्षीं तिच्या पुत्रानें तें राष्ट्रास देऊन टाकिलें. आज त्यास इंग्लंडच्या कायद्यानें पहिल्या श्रेणीचें संरक्षण आहे.

ह्या घरांत एक दालन आहे, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १८९० नंतरच्या वर्ष-दोन वर्षांत राणीनें तेथें एक दरबार-दालन करविलें. त्याची कल्पना जॉन लॉकवुड किप्लिंग ह्यांची, जे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दहा वर्षें शिक्षक होते. आणि नक्षीचें सारें काम लाहोरच्या कलाशाळेंतील भाई रामसिंग ह्या कारागिराचें. भिंती, छत, जाळ्या, मोर, सर्व हिंदी धाटणीचें. हिंदुस्थान कधींही न पाहिलेल्या सम्राज्ञीनें हिंदुस्थान घरांत आणविला तो असा.

स्थापत्याचे इतिहासकार सांगतात कीं, गणेशखिंडीचें घर ह्या ऑस्बोर्नच्या वळणावर गेलेलें आहे. तें बांधण्याचें धाडस केलें सर बार्टल फ्रियर ह्या गव्हर्नरानें, आणि तें धाडस अंगीं यावयास कारण झाला कापूस. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस बंद झाला, आणि मँचेस्टरच्या गिरण्या हिंदी कापसावर तुटून पडल्या. खानदेश, वऱ्हाड, गुजराथ येथल्या काळ्या जमिनीचें सोनें झालें. बैलगाडीच्या चाकांस चांदीच्या धांवा बसविल्याच्या गोष्टी त्या काळाविषयीं सांगत. खऱ्या-खोट्या देव जाणे, पण गोष्ट सुचण्याइतका पैसा होता खास. मुंबईंत तर पैशाचा पूर आला. कंपन्यांवर कंपन्या निघाल्या, रोख्यांच्या किंमती आभाळास भिडल्या. त्या पुरांत फ्रियरनें मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडविला, मोकळी झालेली जमीन विकली, व इलाख्याला शोभतीलशा इमारती योजिल्या. तट पाडणाऱ्या समितीचा स्थपति जेम्स ट्रुबशॉ. त्याच्याकडेच गणेशखिंडीचा नकाशा आला. १८६४ मध्यें काम सुरू झालें.

आणि १८६५ मध्यें अमेरिकेंतलें युद्ध संपलें! कापसाचा भाव कोसळला, १ जुलै १८६५ ची वायद्याची मुदत भरली तेव्हां मुंबईचे कोट्यधीश एकामागून एक बुडाले, बँक ऑफ बॉम्बेही त्याच लाटेंत गेली. खेड्यांतल्या शेतकऱ्यानें भाव पाहून काढलेलें कर्ज मात्र बुडालें नाहीं. सावकाराच्या वहींत तें वाढतच राहिलें. इकडे गणेशखिंडीच्या भिंती अर्ध्या चढलेल्या. फ्रियर १८६७ मध्यें परत गेला. पुढचा गव्हर्नर फिट्झजेराल्ड ह्यानें १८७१ मध्यें काम पुरें केलें. खर्च सुमारें पावणेदोन लक्ष पौंड, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानें साडेसतरा लक्ष रुपये. तिजोरींत खडखडाट असतां पांचशें पौंडांचें झुंबर मागविलें, ह्यावरून विलायतेच्या पार्लमेंटांत मुंबईच्या गव्हर्नरांच्या उधळेपणावर टीका झाली. ज्यांच्या खिशांतून पैसा गेला त्यांना मात्र बोलावयास पार्लमेंट नव्हतें.

एवढें झाल्यावर घर कसें झालें हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. तें सुंदर झालें. राणीच्या घराच्या विटा दगडाचें सोंग घेतात; येथें सोंग नाहीं. सह्याद्रीचा राखी-काळा फत्तर घडवून बांधलेल्या भिंती आहेत. नक्कल मुळापेक्षां पक्की निघाली असें म्हणावयास हरकत नाहीं. मध्यावर ऐंशी फुटांहून उंच मनोरा, दोन्ही अंगांस लांबच लांब पसरलेल्या बाजू, खालीं कमानींच्या ओवऱ्या. एका बाजूस दरबार व मेजवान्या, दुसऱ्या बाजूस साहेबाचें खासगी राहणें, अशी विभागणी होती. ह्या ओवऱ्यांचें मला विशेष कौतुक वाटतें. इटालींत त्या उन्हासाठीं असतात. पुण्यास त्या पावसासाठीं उपयोगीं पडल्या. गाडींतून उतरून दिवाणखान्यापर्यंत पायास चिखल न लागतां जातां यावें, आणि मृगाच्या सरी भोंवतीं कोसळत असतां कोरड्यांत येरझारा घालतां याव्या. आपल्या सोप्याचें काम त्याहून निराळें काय आहे? इमारतीखालीं एक भुयारी वाटही आहे. स्वयंपाक्यांनीं व वाढप्यांनीं पाहुण्यांच्या दृष्टीआड ये-जा करावी म्हणून ती केली असावी असें मानतात. आमच्या घरांतील बायकांना मीं हें सांगितलें, तेव्हां धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, आपल्याकडे भुयार न खणतांच तें साधलेलें होतें." ह्यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

ह्या घराच्या आयुष्यांतली सर्वांत मोठी रात्र २२ जून १८९७ ची. त्या सालीं पुण्यास प्लेग होता. प्लेगचा अंमलदार रँड ह्याच्या शिपायांनीं घरांत शिरून, माजघर-देवघर न पाहतां जी झडती चालविली, तिनें शहर होरपळून निघालें होतें. अशांत राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षें झाल्याचा उत्सव आला, आणि गणेशखिंडीच्या घरीं रोषणाई व मेजवानी झाली. ती आटोपून परततांना गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनीं रँडवर व बाळकृष्ण चापेकरांनीं लेफ्टनंट आयर्स्ट ह्याच्यावर गोळी झाडली. आयर्स्ट जागींच मेला; रँड ३ जुलैस वारला. दामोदरपंत १८९८ च्या एप्रिलांत, आणि बाळकृष्ण, वासुदेव व त्यांचे सोबती महादेव रानडे हे १८९९ च्या मे महिन्यांत फांसावर गेले. एका आईचे तीन पुत्र.

पन्नास वर्षांनीं इंग्रज गेला. पुण्यास विद्यापीठ काढावयाचें ठरलें, आणि चारशें एकरांवर बाग-मैदान असलेलें हें घर त्याच्या स्वाधीन झालें. १० फेब्रुवारी १९४९ ही स्थापनेची तारीख. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरु. दरबाराच्या घरांतील एका दालनास आतां संत ज्ञानेश्वरांचें नांव आहे, आणि २०१४ पासून सबंध विद्यापीठासच सावित्रीबाई फुले ह्यांचें. घर पुण्याच्या वारसा-यादींत आहे. यादींत नांव असणें म्हणजे शोभेची पाटी नव्हे; ठरलेल्या अनुमतीवांचून तेथें भिंत पाडतां येत नाहीं, खिडकी बदलतां येत नाहीं, भलता रंग फांसतां येत नाहीं. असे नियम आपल्या देशांत प्रथम मुंबई शहरासाठीं १९९५ मध्यें झाले. इतर शहरांनीं तो कित्ता पुढें गिरविला.

आतां भगिनींच्या प्रश्नाकडे येतों. तें घर साहेबाचें होतें म्हणून तें सांभाळावें, असें मी म्हणत नाहीं. साहेबानें त्यास पैसा दिला नाहीं, दगड दिला नाहीं, हातही लाविला नाहीं. कापूस आमच्या शेतांतला, फत्तर सह्याद्रीचा, छिन्नी ह्याच देशांतल्या पाथरवटांची. त्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं नाहींत. भिंत पाडली तर त्यांनीं केलेली एवढी एक वस्तुही जाईल. ती आमच्या पैशाची पावती आहे, आणि पावती कोणी फाडून टाकीत नाहीं, निदान ज्याचें देणें फिटलेलें नाहीं तो तरी नाहीं. मला रुखरुख आहे ती निराळीच. ज्या आळींत मी वाढलों, तेथें माझ्या डोळ्यांदेखत तीन वाडे पडले. त्यांतल्या एकाच्या खांबांवरचे कोरीव हत्ती मुलांनीं होळींत घातले. गव्हर्नराचें घर यादींत आहे आणि ते वाडे यादींत नव्हते, ह्याचा दोष गव्हर्नराच्या घराकडे जात नाहीं. आम्ही स्वतः यादी केली नाहीं. मीही केली नाहीं. चाळीस वर्षें शाळेंतल्या मुलांस अजिंठ्याचा इतिहास शिकविला आणि शेजारच्या खांबाकडे एक दिवस घेऊन गेलों नाहीं.

गेल्या श्रावणांत अण्णांची नात पुण्यास शिकते तिच्याकडे आम्ही दोघे भाऊ गेलों होतों. अण्णांचे पाय आतां थकले आहेत. रविवार असल्यामुळें कचेऱ्या बंद होत्या. बाहेरूनच इमारतीभोंवतीं फिरलों. भुरभुर पाऊस होता, आणि ओल्या फत्तरावर तो राखी रंग काय खुलला होता! मी त्यांना मनोरा दाखविला, कमानी दाखविल्या, ऑस्बोर्नची गोष्ट सांगितली. अण्णांनीं सगळें ऐकून घेतलें. मग काठी टेकून भिंतीला हात लाविला व म्हणाले, "अरे, ह्याचा एक दगड आपल्याकडचा असेल का रे?"

मीं सांगितलें, "दगड नाहीं अण्णा, कापूस."

त्यांस तें बरोबर कळलें कीं नाहीं कोणास ठाऊक. थोड्या वेळानें नातीकडे वळून त्यांनीं विचारलें, "माझें पदवीपत्र ह्या घरांतल्या कोणत्या खोलींतून निघालें असेल ग?"

ती हंसली. म्हणाली, "आजोबा, पदव्यांचें काम ह्या घरांत नसतें. परीक्षा विभागाची इमारत वेगळी आहे, पलीकडे. साधीच आहे."

"मग तिकडे चल," अण्णा म्हणाले. आम्ही तिकडे गेलों. ती खरोखरच साधी होती. अण्णा तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले.